समोरून एक

महापालिकेचा कागद सांगतो :
प्रत्येक मालमत्तेचा एक फोटो, समोरून.
दार दिसावं, नंबर दिसावा,
माणूस दिसू नये.

रोजचे चाळीस. फोटोमागे अकरा रुपये.
मे महिन्यात साडेदहालाच ऊन
भिंतीवर थापल्यासारखं बसतं,
कोनाडे, कंगोरे, गिलाव्यातली वेलबुट्टी
सगळं एकाच रंगाचं होऊन जातं.
म्हणून सातला निघतो,
उजेड तिरपा असतो तोवर.
तिरप्या उजेडात घरांना नाकडोळे असतात.

साखर पेठेत ट्रायपॉड ओट्यावर टेकवला
की फोटो हलतो.
दोनदा वाटलं, हात चुकला.
मग तळपायातून कळलं : भिंतीपलीकडे माग चालू आहेत,
चार घरांची मिळून एक धडधड,
अख्खी गल्ली थरथरतेय
आणि ओट्यावरच्या कपातला चहासुद्धा सवयीनं शहारतोय.
आता मी वीज जायची वाट बघतो.
वीज गेली की घरं थांबतात
आणि माणसं बाहेर येतात.

"काय बघलालाव वर?"
एकशे चौदा अ चे मालक, राजय्या सामलेटी,
बनियनवर, खांद्याला टॉवेल.
म्हटलं, तुमच्या सज्ज्याखाली लोखंडी घोडे आहेत.
टेकूंमध्ये ओतलेले. चार.
एकाचं तोंड तुटलंय.
"घोडे?"

बासष्ट वर्षांचे ते, याच घरात जन्मलेले.
पायरी उतरले, रस्ता ओलांडला,
इस्त्रीवाल्याच्या टपरीला पाठ लावून
कपाळावर हात आडवा धरला.
बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
मग, "आमच्या बापानं सांगितलं न्हाई कधी."
आणि जरा वेळानं,
"ह्याचा टॅक्स वाढतो का?"

माडीवरची भाडेकरीण, बालमणी,
कठड्याला टेकून विड्या वळत होती.
मान खाली, नजर सुपात.
तिलाही विचारलं खालून, घोडे बघितलेत?
"घोडे न्हाई माहीत.
कठड्याची सावली तिसऱ्या फरशीवर आली
की दोनशे झालेल्या असत्यात.
पाचव्या फरशीला नळाचं पाणी.
अन् मधला एक गज न्हाई,
तिथनं ऊन आत घुसतंय,
पानं वाळत्यात, सूप सरकवावं लागतंय."

तो कठडा मी तीनदा फोकस केला होता.
रात्री फोटो मोठा करून बघितला :
मधला एक गज नव्हता.
त्या फटीत तिचा हात होता,
दोऱ्याचा पीळ ओढताना धरलेला,
अंगठा पुढे.

ऑफिसातून परत आला.
"मालमत्तेत व्यक्ती दिसते. पुन्हा काढावा."

गुरुवारी गेलो.
राजय्यांनी घोडे चंदेरी रंगवले होते,
तुटक्या तोंडालाही दोन हात,
रंगाचे ओघळ दारावर, नंबराच्या पाटीवर.
येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून
वर बोट दाखवत होते,
"चार हायत. मोजा."
शाळेला निघालेली पोरं मोजत होती,
कुणी पाच म्हणत होतं.

मी आधीचे घोडे आठवायला गेलो.
गंजाचा रंग आठवला, आयाळ नाही.

बालमणीला म्हटलं, जरा आत सरकता का?
ती सूप घेऊन उठली.
सावली तिसऱ्या फरशीवर आली असेल किंवा नसेल,
खालून ते दिसत नाही.
बटण दाबलं.
वीज होती.

हललेला फोटो मंजूर झाला.
आधीचा माझ्याकडे आहे,
अकरा रुपये न मिळालेला.